सेकंड हँड लक्झरी एसयूव्ही, तीन वर्षं वापरल्यावर: इंजिनाची काळजी नको, वायरिंग सांभाळा

गाडी २०१७ ची, जर्मन, तीन लिटरचं सहा सिलिंडर डिझेल, आठ गिअरची ऑटोमॅटिक, चारही चाकांना एअर सस्पेन्शन (स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे) आणि वर मोठं पॅनोरमिक सनरूफ. २०२२ च्या दिवाळीत घेतली तेव्हा ६१ हजार किमी झालेली होती, आज मीटरवर १ लाख ८ हजार आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते ह्या वर्गातल्या जवळपास सगळ्याच गाड्यांना लागू आहे आणि नाव लिहिलं की हा ब्रँड चांगला का तो चांगला ह्याच्यावरच सगळं घसरतं. माझं नाशिकला अंबडमध्ये सीएनसीचं छोटं वर्कशॉप आहे, मशीनची सवय आहे, मीटर हातात धरता येतो, त्यामुळे जे झालं ते शक्य तेवढं मोजूनमापून लिहितोय. घ्यायचा विचार करणाऱ्यांनी पूर्ण वाचा, लांबलंय थोडं.

आधी ही गाडी मी का ठेवलीय ते सांगतो. आमच्या आण्णांचे दोन्ही गुडघे गेलेत, वय ७८, आणि आधीच्या उंच गाडीत चढायचं म्हटलं की दोघांनी धरावं लागायचं, मग ते कुठे यायचंच टाळायला लागले. लग्न असो, गावची जत्रा असो, "तुम्ही जाऊन या" एवढंच. ह्या गाडीला एक बटण आहे, दाबलं की फुस्स असा हळू आवाज येतो आणि गाडी सगळ्या बाजूंनी खाली बसते, मग आण्णा आधी काठी आत ठेवतात, वरचं हँडल धरतात, पाठमोरे सीटवर टेकतात आणि पाय एकेक करून आत घेतात, स्वतःचे स्वतः. पहिल्यांदा बसले तेव्हा म्हणाले, "बैल बसावा तशी बसते रे ही." गेल्या तीन वर्षांत ते वणीला गेले, त्र्यंबकला गेले, बहिणीकडे नागपूरला दोनदा गेले. माझ्यासाठी गाडीची अर्धी किंमत तिथेच वसूल झाली, बाकी कोणी काही म्हणो.

आणि चालवायला तर काय सांगू. सिन्नरच्या पुढे गोंद्याला समृद्धी महामार्गावर चढायचं, क्रूझ १२० ला लावायचा, आठव्या गिअरमध्ये इंजिन दोन हजाराच्या खाली शांत फिरत असतं, मागे आण्णा झोपलेले, बाहेरचा वारा ऐकू येत नाही. समृद्धी पूर्ण ७०१ किमीची आहे, पहिला नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला म्हणजे माझी गाडी घेतल्यावर महिन्या-दीड महिन्यातच, आणि गाडीतला नकाशा २०१७ चा. त्यामुळे पहिल्या ट्रिपला स्क्रीनवर असं दिसत होतं की आमचा बाण कुठल्याच रस्त्यावर नाही, नुसता मोकळ्या रानातून सुसाट चाललाय आणि बाई सारखी सांगतेय जमेल तिथून यू टर्न घ्या. सगळं इलेक्ट्रॉनिक्स अपग्रेडचं प्रकरण माझ्या डोक्यात तिथून सुरू झालं, नाहीतर गाडीत म्हणावी अशी कमी काही नव्हती.

आता बॅटरीची गोष्ट, हीच सगळ्यात महत्त्वाची.

माझ्या आधीच्या मालकाने मूळ स्क्रीन काढून मोठी अँड्रॉइड स्क्रीन बसवलेली होती आणि चार बाजूंचा ३६० कॅमेरा. घेताना मला ते फायद्याचं वाटलं, म्हटलं चला आयतंच मिळतंय. वापरायला लागल्यावर कळलं की गाण्यांचा आवाज ऑक्स मधून येतोय त्यामुळे दबल्यासारखा, फोनवर समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू जातो आणि रिव्हर्स टाकला की चित्र यायला तीन सेकंद. ते चालवून घेतलं. २०२३ च्या संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही पाच दिवस तिरुपतीला गेलो होतो, परत आलो तर गाडी मेलेली, चावीने दारसुद्धा उघडेना, चावीच्या आत लपवलेली लोखंडी पट्टी असते ती काढून दार उघडलं. जम्प देऊन चालू केली आणि डॅशवर सगळे दिवे एकदम पेटले, स्टेअरिंग, एबीएस, फोर व्हील ड्राइव्ह, सस्पेन्शन, एअरबॅग, एकही इशारा द्यायचा ठेवला नाही. बायको म्हणाली ही आता गेली.

मोठ्या वर्कशॉपला नेली, त्यांनी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला, बिघाडाचे ३७ कोड निघाले, आणि एस्टिमेट हातात दिलं त्यात स्टेअरिंग रॅकपासून सस्पेन्शनच्या कंट्रोल युनिटपर्यंत सगळं होतं, सहा लाखांच्या वर. मी दोन रात्री झोपलो नाही खरं सांगतो. तिसऱ्या दिवशी ओळखीतून एका मुलाकडे नेली, वय असेल तीस, आधी मोठ्या वर्कशॉपमध्ये होता, आता स्वतःचं दोन गाड्या मावतील एवढं शेड. त्याने एस्टिमेट वाचलंच नाही. म्हणाला, "शेठ, आधी बॅटरी मोजू, मग कोडचं बघू." ११.६ व्होल्ट. आता हे समजून घ्या, चांगली भरलेली एजीएम (ह्या गाड्यांत येते ती सीलबंद) बॅटरी निवांत उभी असताना १२.७ च्या आसपास दाखवते आणि १२.२ म्हणजे निम्मी उतरली. ह्या गाड्यांमध्ये दोन-चार नाही तर डझनांनी कंट्रोल युनिट असतात, प्रत्येक जण आपला आपला छोटा कॉम्प्युटर, सगळे एकमेकांशी सतत बोलत असतात, आणि सेल्फ मारताना व्होल्टेज कोसळलं की काही युनिट क्षणभर गप्प होतात, मग बाकीचे लगेच नोंद करतात की हा बोलत नाही, तो बोलत नाही. म्हणजे ३७ कोड म्हणजे ३७ बिघाड नाहीत, एकच उपाशी बॅटरी आणि ३७ तक्रारी. त्याने चार्जर लावून रात्रभर ठेवली, सकाळी कोड क्लिअर केले, दोन उरले, ते दोन्ही कॅमेऱ्याचे.

पण बॅटरी उतरली का, हा खरा प्रश्न होता, आणि त्याने तो कसा शोधला ते मी तिथे स्टुलावर बसून बघितलं. डिकीचं झाकण उघडं ठेवलं पण कुलपाच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून ते खटकन बंद केलं, म्हणजे गाडीला वाटलं डिकी लागली. बोनेटचं तसंच. गाडी लॉक करून चावी लांब दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली, कारण चावी जवळ असली की ह्या गाड्या जाग्याच राहतात. मग बॅटरीच्या निगेटिव्ह वायरवर क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) अडकवला आणि आम्ही चहा घ्यायला गेलो, अर्धा तास. गाडी पूर्ण झोपली की करंट ५० मिलिॲम्पच्या खाली यायला पाहिजे. आमचा ०.७ ॲम्पिअरवर येऊन थांबलेला, हलेचना. हिशोब करा, दिवसाला जवळजवळ १७ ॲम्पिअर-अवर, बॅटरी ९५ ची, पाच दिवसांत ८४ गेले. बरोब्बर तिरुपती.

मग त्याने एकेका फ्यूजवर मीटरची टोकं टेकवून बघितली, फ्यूज न काढता, कारण फ्यूज काढून परत लावला की झोपलेलं युनिट जागं होतं आणि परत अर्धा तास बसावं लागतं. फ्यूजवर काही सापडेना. शेवटी ग्लव्ह बॉक्स उतरवला आणि टॉर्च मारून मला बोलावलं, "हे बघा." कंपनीच्या कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) मागे एक जाड लाल वायर, तिचं आवरण ब्लेडने बोटभर सोललेलं, त्याच्यावर एक बारीक वायर हाताने गुंडाळलेली आणि वरून काळी टेप, टेपचा डिंक उन्हाने वितळून बोटाला चिकटत होता. मध्ये फ्यूज नाही, काही नाही. कधीही शॉर्ट झाली असती तर थेट आग. त्याच्या बाजूला पीळ दिलेल्या दोन नाजूक वायरी, ज्याच्यातून ही युनिटं एकमेकांशी बोलतात, त्या पण अशाच सोलून अँड्रॉइड स्क्रीनचा डबा जोडलेला, आणि तो डबा रात्रभर जागा राहून बाकीच्यांना पण झोपू देत नव्हता. पाऊण लाखाची स्क्रीन आणि कॅमेरा बसवताना कुणीतरी पाचशे रुपयाचा बरोबर कपलर वाचवला होता. मला तिथे खरोखर राग आला. आम्ही मशीनच्या पॅनलला अशी वायर जोडली तर कस्टमर मशीन परत पाठवेल, आणि ह्यात तर माणसं बसतात, माझे आण्णा बसतात.

सगळं काढलं. नशिबाने आधीच्या मालकाने मूळ स्क्रीन खोक्यात घालून दिलेली होती, ती परत लावली. सोललेल्या वायरी नीट जोडून, आवरण चढवून पूर्ववत केल्या. बॅटरी नवीन टाकली ३२ हजाराची, आणि इथे अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते, ह्या गाड्यांमध्ये नुसती बॅटरी बदलून भागत नाही, स्कॅनरने गाडीला सांगावं लागतं की बॅटरी नवीन आहे. निगेटिव्ह टर्मिनलवर एक सेन्सर असतो, त्याच्या मापांवरून गाडी बॅटरीचं वय धरून चार्जिंग ठरवते, सांगितलं नाही तर म्हाताऱ्या बॅटरीच्या हिशोबाने नवीला चार्ज करत राहते आणि नवी पण दीड-दोन वर्षांत जाते. बॅटरीच्या दुकानात बदलून घेतलेल्या बऱ्याच गाड्यांचं हेच होतं. एजीएम काढून साधी लिक्विड बॅटरी टाकणारे पण आहेत, तसं करू नका.

मग अपग्रेड केलंच नाही का, तर केलं, पण वेगळ्या पद्धतीने. मूळ स्क्रीन ठेवून तिच्या मागे एक इंटरफेस बॉक्स येतो, मूळ कपलर काढायचा, बॉक्सचा कपलर मध्ये घालायचा, एकही वायर कापायची नाही, आणि मूळ बटणांवर, मूळ चाकावर कारप्ले (आयफोन गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) चालतो. फोनमधला नकाशा स्क्रीनवर येतो, समृद्धी, नवे इंटरचेंज सगळं दिसतं, आवाज पण चांगला येतो. स्क्रीन लहान आहे, साडेआठ-नऊ इंचाची, शोरूममधल्या आजच्या गाड्यांपुढे जुनी दिसते हे खरं. मला चालतं. डॅशकॅम पुढे-मागे लावला, तो फ्यूजबॉक्समधून फ्यूज टॅप (वायर न कापता फ्यूजच्या जागी बसणारा जोड) वापरून आणि लो व्होल्टेज कट-ऑफवाला किट घालून, १२.४ ला सेट केलाय, म्हणजे पार्किंगमध्ये रेकॉर्डिंग करता करता बॅटरी त्याच्या खाली जायला लागली की तो स्वतःच बंद होतो. तो लावल्यावर परत क्लॅम्प मीटर लावून मोजलं, पार्किंग रेकॉर्डिंग बंद असताना ४० मिलिॲम्प, मगच पैसे दिले. तुम्ही पण काहीही बसवलं की हे मोजायला सांगा, अर्धा तास लागतो आणि कुठलाही बरा इलेक्ट्रिशियन करू शकतो, नाही म्हणाला तर त्याच्याकडे काम देऊ नका. आणि बाहेरून बसवलेल्या अशा वस्तू इन्शुरन्समध्ये वेगळ्या दाखवाव्या लागतात, थोडा प्रीमियम जास्त जातो, पण न दाखवता चोरी झाली की त्या वस्तूंचं काही मिळत नाही. गाडी अजून वॉरंटीत असेल तर वायर कापण्याचा विचारसुद्धा करू नका.

बॅटरीचं हे असं. मग त्याच वर्षी पाणी.

२०२३ च्या जुलैमध्ये, चार दिवस सलग पाऊस होता, एका सकाळी म्युझिक सिस्टीम बंद. स्क्रीन चालू, आवाज शून्य, फोन नाही, पार्किंग सेन्सरची पीप पण नाही. मी त्याच मुलाकडे. त्याने डिकीची खालची फळी उचलली तर ॲम्प्लिफायर जिथे असतो त्या खड्ड्यात बोटभर पाणी, वर गुलमोहराची बारीक पानं तरंगतायत. डिकीत पाणी आलं कुठून, तर सनरूफमधून. पॅनोरमिक सनरूफ पूर्ण पाणीबंद नसतंच, चारी कोपऱ्यांना बारीक नळ्या असतात, काचेच्या कडेने आत आलेलं पाणी त्या नळ्यांतून खाली चाकाजवळ बाहेर पडतं. आमची गाडी वर्कशॉपबाहेर गुलमोहराखाली लागते, पानांनी मागच्या नळ्या तुंबल्या आणि पाणी आतल्या बाजूने डिकीत उतरलं. चूक माझीच, नळ्या साफ करायच्या असतात हे मला माहीतच नव्हतं.

ह्या गाड्यांमध्ये स्क्रीन, ॲम्प्लिफायर, ट्यूनर, फोन हे सगळं काचेसारख्या प्लास्टिकच्या तारेने, प्रकाशावर, एका गोल साखळीत जोडलेलं असतं. साखळीतला एक गेला की सगळे गप्प. त्याने ॲम्प्लिफायरचा कपलर काढला तर तारेच्या टोकाला लाल ठिपका चमकत होता, म्हणजे इथपर्यंत प्रकाश पोचतोय आणि पुढे जात नाहीये. मग दोन तोंडं एकमेकांना जोडणारा छोटा लूप लावला, ॲम्प्लिफायरला वगळलं, आणि बाकी सगळं जागं झालं. निदान पक्कं, दहा मिनिटात, एकही पार्ट न बदलता. नवा ॲम्प्लिफायर दीड लाखाच्या पुढे आणि सहा आठवडे वेटिंग. कुर्ल्याच्या मार्केटमधून वापरलेला मिळाला, बसवणं आणि कोडिंग (गाडीला नव्या युनिटची ओळख करून देणं) धरून ४१ हजार. पण ऐका, वापरलेला मॉड्यूल घेताना दोन गोष्टी बघा, एक म्हणजे बऱ्याच गाड्यांत ही युनिटं चेसिस नंबरशी बांधलेली असतात, कंपनीच्या सर्व्हरवरून सोडवल्याशिवाय चालत नाहीत, तेव्हा "चाललं तर पैसे" असं आधी ठरवा, आणि दुसरं म्हणजे बिल घ्या, ज्या गाडीतून काढलाय तिचा कागद मागा, चोरीचा माल आपल्या गाडीत नको. आता दर वर्षी मे अखेर मी स्वतः सनरूफ उघडून कोपऱ्यात ग्लासभर पाणी ओततो आणि चाकाजवळ खाली वाकून बघतो कुठून पडतंय. चारही ठिकाणी पडलं पाहिजे. नळीत जोरात हवा मारू नका, आतल्या बाजूला जोड निसटतो, लवचिक नायलॉनची दोरी हळू सरकवायची.

उंदरांचं थोडक्यात सांगतो, पावसाळ्यात बोनेटमध्ये येतात, इंजिनवरच्या आवाज-रोधक फोमात घर करतात. माझी एका सेन्सरची वायर खाल्ली, दीड हजारात निभावलं. खालून जाळी मारून घेतलीय.

एअर सस्पेन्शन. ह्याची सगळ्यांना भीती असते आणि ती अगदीच खोटी नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात सकाळी बाहेर आलो तर पुढचा डावा कोपरा पार बसलेला, टायर मडगार्डमध्ये गेल्यासारखा. चालू केल्यावर मागून कॉम्प्रेसरची घरघर, एक मिनिटाने गाडी उचलली गेली, दुसऱ्या दिवशी परत तेच. एका मोठ्या वर्कशॉपने कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह ब्लॉक आणि पुढचे दोन्ही एअर स्प्रिंग मिळून ४ लाख ६० हजार सांगितले. आमच्या त्या शेडवाल्या मुलाने बाटलीत साबणाचं पाणी केलं, गाडी पूर्ण उंचीला नेली आणि रबरी फुग्याच्या घडीवर फवारलं. घडीत जिथे रबर रोज वाकतं तिथे भेग, आणि तिच्यातून साबणाचे छोटे छोटे बुडबुडे, भाताला उकळी येताना कडेला येतात तसे, एका रांगेत. एवढंच होतं. एक स्प्रिंग बदलली, कंपनीची नाही पण चांगल्या आफ्टरमार्केटची, ४२ हजार, आणि कॉम्प्रेसरचा रिले (त्याला चालू-बंद करणारा स्विच) ३ हजाराचा. रिले का, तर गळती असली की कॉम्प्रेसर सारखा चालू राहतो, रिले तापून आतून चिकटतो, मग कॉम्प्रेसर बंदच होत नाही आणि जळतो. लोक गळती महिनोन्महिने चालवतात, सकाळी बसलेली असते पण चालू केली की उठते ना, असं म्हणत, आणि ४५ हजाराचं काम दोन लाखांवर नेतात. कोपरा एकदा जरी बसलेला दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवा.

गिअरबॉक्स. आठ गिअरचा झेडएफचा हा बॉक्स बीएमडब्ल्यू, ऑडी, रेंज रोव्हर, जीप अशा कितीतरी गाड्यांत आहे आणि माझ्या मते ह्या पूर्ण गाडीतली सगळ्यात उत्तम वस्तू तीच. ऑइल "लाइफटाइम" आहे, बदलायची गरज नाही असं तुम्हाला सांगतील. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किमी किंवा आठ वर्षं ह्याच्यात बदला म्हणते. मी ९२ हजारला बदललं, ४६ हजार लागले कारण खालचं प्लास्टिकचं चेंबर आणि फिल्टर एकच असतं, ते पूर्ण नवीन येतं. लेव्हल इंजिन चालू ठेवून, ऑइल साधारण चाळीस डिग्रीला असताना बघायची असते, ज्याच्याकडे स्कॅनरवर तापमान दिसत नाही त्याच्याकडून हे काम करून घेऊ नका.

आता पैसे, कारण हे कोणी सरळ सांगत नाही. तीन वर्षं, ४७ हजार किमी: नेहमीची सर्व्हिसिंग १ लाख ४५ हजार, चार टायर १ लाख २४, ब्रेक डिस्क आणि पॅड ७८, बॅटरी ३२, वायरिंगचा घोळ निस्तरणं आणि नवा इंटरफेस, डॅशकॅम मिळून ५८, ॲम्प्लिफायर ४१, सस्पेन्शन ४५, गिअर ऑइल ४६. एकूण ५ लाख ६९ हजार, म्हणजे किलोमीटरला बारा रुपये. डिझेल पडलं साधारण साडेआठ रुपये किलोमीटर, सरासरी ११ चा ॲव्हरेज धरून. म्हणजे ह्या गाडीत देखभाल डिझेलपेक्षा महाग आहे, हा आकडा डोक्यात ठेवूनच घ्या. इन्शुरन्स वरून वर्षाला सत्तर हजार, आणि पाच-सात वर्षांनंतर बऱ्याच कंपन्या झिरो डेप (घसारा न कापता पार्टचे पैसे देणारं कव्हर) देत नाहीत, एका हेडलाइटची किंमत दोन लाखाच्या घरात असताना ते किती महत्त्वाचं आहे विचार करा. मी पहिल्या दिवसापासून दर महिन्याला १८ हजार वेगळ्या खात्यात टाकतो, फक्त गाडीसाठी, त्यामुळे खर्च आला की घरात ताण येत नाही.

एक खंत आहे ती लिहितोच. २०१० साली औरंगाबादकरांनी एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या तेव्हा देशभर बातमी झाली होती. आज निफाड, बारामती, सांगलीच्या रस्त्यांवर अशा गाड्या सर्रास दिसतात. मर्सिडीज चाकणला जोडली जाते, ऑडी संभाजीनगरला, जग्वार लँड रोव्हर पुण्यात, सगळं आपल्याच राज्यात. पण ह्या गाड्यांचं इलेक्ट्रॉनिक्स समजून मोजमाप करून दुरुस्त करणारे हात जिल्ह्याच्या ठिकाणी शोधावे लागतात. कोड वाचून पार्ट बदलणारे खूप आहेत, मीटर घेऊन कारण शोधणारा एखादाच. आमच्या ह्या शेडवाल्या मुलाने डिप्लोमा केलाय, रात्री जागून वायरिंगच्या आकृत्या वाचतो, आणि ज्या कामात काही बिघाड नाही निघाला त्याचे पण तपासणीचे पैसे घेतो, त्याचं काही लोकांना वाईट वाटतं. मला तर वाटतं तेच पैसे सगळ्यात योग्य आहेत, त्याने माझे सहा लाख वाचवले ते एका व्होल्टेजच्या आकड्यावर.

घ्यायला जाणार असाल तर गाडी थंड असताना बघा, रात्रभर उभी असलेली, चारही कोपरे सारख्या उंचीला आहेत का मोजपट्टीने मोजा. डिकीची फळी उचला, खाली हात फिरवा, ओल किंवा गंजाची रेघ असेल तर सोडून द्या. बाहेरची स्क्रीन, बाहेरचा कॅमेरा, वाढवलेले दिवे असतील तर ग्लव्ह बॉक्स उतरवून मागे बघायची परवानगी मागा, आणि मूळ सामान मिळणार आहे का विचारा. स्वतःच्या माणसाकडून पूर्ण स्कॅन करा, पण त्याच्या आधी बॅटरीचं व्होल्टेज बघा नाहीतर कोडांचा अर्थ लागणार नाही, आणि कोड विकणाऱ्याने सकाळीच पुसले असतील तर किती किमीपूर्वी पुसले ते पण बऱ्याच स्कॅनरवर दिसतं. दिल्लीहून आलेल्या डिझेल गाड्या स्वस्त मिळतात कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आले, त्या वाईटच असतात असं नाही, पण तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरून किंमत काढा. बीएस६ (नव्या प्रदूषण नियमांची) गाडी घेत असाल तर ॲडब्लूची (धूर स्वच्छ करायला वेगळं भरायचं द्रव) टाकी आणि रोज चार-पाच किमीच फिरणार असाल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबण्याचा विचार करा, ह्या गाड्यांना मधून मधून मोठा रस्ता लागतो.

पाचपैकी द्यायचे तर गाडीला साडेचार, आणि अर्धा कापतोय तो वापरलेल्या मॉड्यूलला कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते त्याबद्दल, विकत घेतलेली वस्तू पूर्ण आपली असावी असं माझं ठाम मत आहे.

परवा पासून मागचा उजवा कोपरा सकाळी दोन बोटं खाली दिसतोय. साबणाचं पाणी मारून बघितलं, ह्यावेळी मला स्वतःलाच सापडलं, घडीच्या आतल्या बाजूला. स्प्रिंग मागवलीय, गुरुवारी येईल म्हणालेत, आणि रविवारी आण्णांना घेऊन वणीला जायचंय.